रोल धुवायला काय काय लागतं

सकाळी सहा

नळाला पाणी आलं की मी सगळ्यात आधी त्यात थर्मामीटर धरते. मे महिना संपत आलाय. आज नळाचं पाणी २९ अंश. दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सुरू होईल तेव्हा ते याहून तापलेलं असेल, म्हणून दोन बादल्या आणि एक पिंप आत्ताच भरून मोरीच्या सावलीतल्या कोपऱ्यात ठेवते. पिंपाभोवती ओलं गोणपाट गुंडाळते. दिवसभरात जे काही धुवायचं ते याच पाण्यात.

फिल्म धुण्याचं माझं काम दादरच्या घरातूनच चालतं. कॉलेजातली मुलं, हौशी माणसं, जुन्या कॅमेऱ्यांवर जीव असलेले दोनचार जाणते लोक ब्लॅक अँड व्हाइट रोल आणून देतात. मी ते धुऊन, वाळवून, कापून परत देते. एके काळी हे काम नाक्यानाक्यावरच्या स्टुडिओत होत असे. आता रोल धुणारी जागा शोधावी लागते, म्हणून बरेच जण रोल हातात ठेवता ठेवता विचारतात की हे घरी जमेल का, आणि काय काय घ्यावं लागेल. आज माझी भाची त्याच खरेदीसाठी येणार आहे.

तिला मी पहिल्यांदा हा नळ दाखवणार. डेव्हलपरच्या, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनाच्या, पाकिटावरचे बहुतेक आकडे २० अंशांसाठी दिलेले असतात. इंग्लंडात नळाचं पाणी थंड येतं, त्यात थोडं गरम मिसळलं की २० अंश होतात. आपल्याकडे उलटं. उटीत किंवा महाबळेश्वरला थंडीच्या दिवसांत ते सहज जमेल. मुंबईत मे महिन्यात २० अंशांचं पाणी म्हणजे बर्फाचा खर्च आणि सतत राखण. पण डेव्हलपिंग ही रासायनिक क्रिया आहे. उष्णता वाढली की तिचा वेग वाढतो, म्हणून वेळ कमी करायचा. फिल्म आणि रसायनं बनवणाऱ्या इलफर्ड कंपनीचा ढोबळ हिशेब असा: २० अंशांना ४ मिनिटं लागत असतील तर २३ अंशांना ३ मिनिटांत तेवढंच काम होतं. फक्त एक अट. वेळ ५ मिनिटांच्या खाली गेला की आकाशासारख्या सपाट भागांत डाग-पट्टे दिसण्याचा धोका असतो, कारण रसायन सगळीकडे सारखं पोचायला तेवढा अवधी मिळत नाही. म्हणून डेव्हलपर पातळ करायचा, म्हणजे वेळ आपोआप लांबतो. मी बारा महिने २४ अंश धरून काम करते. थंडीत ते पाणी जवळजवळ नळातूनच मिळतं, उन्हाळ्यात थोडा बर्फ लागतो. कुठलं सामान घ्यायचं आणि कुठलं नाही, हे मी याच आकड्यावरून ठरवते.

साडेसात

भाची आली ती मोबाइलवर यादी घेऊनच. चहा होईस्तोवर मी वाचून काढली. चेंजिंग बॅग, दोन रिळांचा टँक, डिजिटल थर्मामीटर, टायमर, फिल्म धुण्याची नळी, पाणी निपटायचा रबरी चिमटा, घडीच्या बाटल्या, लोखंडी वजनाच्या क्लिपा, फिल्म वाळवायचं कपाट, रोलचं टोक बाहेर ओढायची पट्टी, एन्लार्जर.

"अगं आत्या, हे सगळं लागतंच म्हणे."

मी पेन घेतलं. एन्लार्जर पहिल्यांदा खोडला. तो प्रिंट काढायला लागतो, निगेटिव्ह तयार करायला नाही. पुढे पाहू. वाळवायचं कपाट खोडलं, आपली न्हाणी आहे. टायमर मोबाइलमध्ये आहे. धुण्याची नळी नको, तिला वाहतं पाणी लागतं आणि पाणी इथे सकाळी येऊन जातं. रबरी चिमटा तर अजिबात नको. ओल्या फिल्मचा इमल्शनचा थर फुगून मऊ झालेला असतो. रबरात वाळूचा एक कण अडकला तरी पहिल्या फ्रेमपासून छत्तिसावीपर्यंत सरळ ओरखडा जातो आणि तो कशानेही निघत नाही. घडीच्या बाटल्याही खोडल्या. हवा बाहेर काढता येते म्हणून त्या विकतात, पण घड्यांच्या खाचा नीट धुता येत नाहीत.

उरलं काय, तर फिल्म धुवायचा उजेडबंद टँक आणि त्यात फिल्म गुंडाळायचं रीळ, आत हात घालून अंधारात काम करायची चेंजिंग बॅग, थर्मामीटर, मोजपात्रं, बाटल्या आणि रसायनं. अंधारात फिल्मला जे शिवतं त्यावर पैसे खर्च करायचे. उष्णता मोजणाऱ्या वस्तूवरही करायचे. बाकी सगळ्यात वाचवायचे.

तिला रंगीत रोल धुवायचा होता. तो आज नको, म्हटलं. रंगीत निगेटिव्हच्या सी-४१ पद्धतीत डेव्हलपर ३८ अंशांना सव्वातीन मिनिटं लागतो आणि त्यात अर्ध्या अंशाची चूकही रंगांत दिसते. ब्लॅक अँड व्हाइट फिल्म त्या मानाने खूप सांभाळून घेते. त्यावर हात बसला की तेच टँक, तीच मोजपात्रं रंगीतला चालतात, म्हणजे आज घेतलेलं काही वाया जात नाही.

साडेदहा

दादरहून गाडी पकडून सीएसएमटी. स्टेशनासमोरच्या गल्ल्यांत बोरा बाजार, म्हणजे कॅमेऱ्यांची जुनी पेठ. नवे कॅमेरे, जुने कॅमेरे, दुरुस्तीवाले आणि पोटमाळ्यांवर साठवलेलं सामान. टँक नवा मिळाला तर उत्तमच. पण जुना घ्यायलाही माझी हरकत नाही. टँकमध्ये बिघडण्यासारखं फार थोडं असतं. मात्र जे असतं ते बघून घ्यावं लागतं.

आम्हाला पॅटरसनचा प्लास्टिकचा टँक मिळाला, जुना पण स्वच्छ. मी झाकण उघडून आत पाहिलं आणि दुकानातल्या काकांना विचारलं, "काका, मधली नळी कुठाय?" रीळ ज्यावर बसतं ती काळी पोकळ नळी त्यात नव्हती. घरी नवीन शिकणाऱ्याला वाटेल की नळी फक्त रीळ धरायला आहे, नसली तरी चालेल. पण या टँकला अंधार मिळतो तोच तिच्यामुळे. झाकणाच्या नरसाळ्यातून रसायन आत ओततात, आणि त्याच वाटेने उजेडही आत येऊ पाहतो. नळी आणि नरसाळं एकमेकांत बसलं की पाण्याला वाट राहते, उजेडाला राहत नाही. नळीविना टँक वापरला तर अख्खा रोल काळा होतो. काकांनी दोन खण उपसून नळी काढून दिली. मग आमचं पुढचं बघणं सुरू झालं.

पाणी भरून झाकण लावलं आणि टँक उलटा केला. गळत नव्हता. तळाशी कोरलेले आकडे भाचीला वाचायला लावले: ३५ मिलिमीटरच्या एका रोलला २९० मिलिलिटर, १२० नंबरच्या रोलला ५००. रसायन किती करायचं, बाटल्या केवढ्या घ्यायच्या, हे या दोन आकड्यांवर ठरतं. मग रीळ. तोंडाशी दोन बारीक स्टीलच्या गोळ्या असतात. फिल्मचा काठ पकडून पुढे ढकलणं हे त्यांचं काम. काडीने हलवून पाहिल्या, सुट्या होत्या. एखादी अडकलेली असती तर रीळ घेतलं नसतं. शेवटी काकांकडून वाया गेलेली फिल्म मागून घेतली आणि तिथेच काउंटरवर चढवून पाहिली.

शेजारी स्टीलचा टँकही होता, स्टीलच्या तारेचं रीळ असलेला. भाचीची नजर त्यावरून हलेना. मलाही तो आवडतो. स्टीलचं रीळ ओलं असलं तरी फिल्म चढते, एका रोलला अडीचशे मिलिलिटरच्या आत काम भागतं, आणि पडला तरी फुटत नाही. पण त्यावर फिल्म मधून बाहेर अशी गुंडाळावी लागते, बोटांनी किंचित वाकवून. एक वेढा चुकला की फिल्म फिल्मला चिकटते आणि तेवढा भाग रसायनाविना राहतो. रीळ किंचित वाकलेलं असलं तर कितीही सराव करा, चढत नाही. ते डोळ्याने कळत नाही, सपाट काचेवर ठेवून तारांमधलं अंतर पाहावं लागतं. शिवाय स्टील लगेच तापतं. ३२ अंशांच्या खोलीत हातात धरून हलवायचं तर आतलं २४ अंशांचं रसायन भरभर वर चढणार. जाड प्लास्टिकमधून उष्णता सावकाश जाते.

आमच्या बाबतीत निर्णय दुसऱ्याच कारणाने सोपा झाला. भाचीच्या घरी तिच्या आजोबांचा आगफा क्लिक थ्री आहे. महाराष्ट्रात असंख्य घरांत लग्न-बारशांचे फोटो याच कॅमेऱ्याने काढले गेले. त्याला १२० नंबरचा रोल लागतो. पॅटरसनचं रीळ पिळून रुंद करता येतं, एकाच रिळावर ३५ मिलिमीटर आणि १२० दोन्ही चढतात. स्टीलचं रीळ ज्या मापाचं घ्याल त्याच मापाचं राहतं. प्लास्टिक घेतलं आणि जोडीला एक रीळ जास्त घेतलं. प्लास्टिकचं रीळ कोरडं ठणठणीत असावं लागतं, नाहीतर फिल्म अर्ध्या वाटेत रुतून बसते. पावसाळ्यात इथे काहीच लवकर वाळत नाही. एक वाळत असताना दुसरं हाताशी हवं.

चेंजिंग बॅग मोठ्यातली मोठी घेतली. लहान बॅगेत कापड हातावर पडतं, हात घामेजतात, घामाची वाफ आत कोंडते आणि तीच ओल रिळाला लागते. बॅगेला दोन आवरणं आणि दोन चेनी हव्यात. मोबाइलचा टॉर्च लावून आत टाकायचा, चेनी बंद करायच्या, बाह्या पिळून धरायच्या आणि अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन बघायचं. शिवणीतून उजेडाचा ठिपका दिसला तर बॅग परत. दुकानाच्या पोटमाळ्यावर जाऊन आम्ही हे केलं. कोणी हसलं नाही. त्या बाजारातल्या माणसांना हे माहीत असतं.

साडेबारा

क्रॉफर्ड मार्केटवरून लोहार चाळीतून चालत प्रिन्सेस स्ट्रीटला आलो. दवाखान्यांचं सामान, प्रयोगशाळांची काच, रसायनं, सगळं या रस्त्यावर मिळतं. फोटोग्राफीचं म्हणून जे महाग मिळतं ते इथे शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळेचं म्हणून निम्म्यात मिळतं.

थर्मामीटर काचेचा, प्रयोगशाळेचा, ० ते ११० अंशांचा. अंशांच्या रेघा जितक्या लांब लांब तितकं वाचन सोपं. तापाचा थर्मामीटर चालत नाही, त्याची पट्टी ३५ अंशांच्या आसपास सुरू होते. डिजिटल हवा तर तोही घ्या, पण कुठलाही घेतला तरी घरी आल्यावर बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी यात बुडवून पाहायचा. पाच मिनिटांत शून्यावर आला पाहिजे. अर्धा-एक अंश इकडेतिकडे असेल तर तसं चिकटपट्टीवर लिहून त्याच्यावर लावायचं आणि दर वेळी तेवढं धरायचं. खोटा थर्मामीटरही रोज सारखाच खोटा बोलत असेल तर त्यावर काम करता येतं.

मोजपात्रं तीन, प्लास्टिकची, प्रत्येकी ५०० मिलिलिटरची: एक डेव्हलपरला, एक स्टॉप बाथला, एक हायपोला, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या फिक्सरला. प्रत्येकावर मार्करने मोठ्या अक्षरात नाव. डेव्हलपरच्या पात्रात हायपोचे थेंब गेले की डेव्हलपर बिघडतो, म्हणून अदलाबदल करायचीच नाही. थोडं मोजायला १० मिलिलिटरची सुई नसलेली सिरिंज, नरसाळं, हातमोज्यांचा एक खोका. डेव्हलपरमधल्या मेटॉलची काहींच्या त्वचेला ॲलर्जी होते, आणि ती एकदा झाली की पुढे प्रत्येक वेळी होते. हातमोजे पहिल्या दिवसापासून.

बाटल्यांपाशी आम्ही बराच वेळ घालवला. भाचीला एक लिटरची बाटली घ्यायची होती. मी २५० मिलिलिटरच्या चार तपकिरी काचेच्या बाटल्या घेतल्या. तयार केलेला डेव्हलपर काठोकाठ भरलेल्या, घट्ट बंद बाटलीत सहा महिने टिकतो. बाटली अर्धी झाली की महिनाभरच, कारण वरच्या मोकळ्या जागेतली हवा त्याला खाते. चार लहान बाटल्या असल्या की एक उघडली तरी तीन शाबूत राहतात. इथेच दुकानदाराने विचारलं, शीतपेयाच्या रिकाम्या बाटल्या नाहीत का घरी? आहेत. पण त्यांत रसायन ठेवायचं नाही. घरात लहान मूल असतं, तहानलेला पाहुणा असतो. फिल्मसाठी घेतलेलं भांडं पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचं नाही आणि स्वयंपाकघरातली बाटली इकडे आणायची नाही. यात मी कुणाचंच ऐकत नाही.

या रस्त्यावर उभं राहिलं की मनात एक मोह नेहमी येतो. कोडॅकचा डी-७६ हा डेव्हलपर १९२७ पासून चालत आलाय आणि त्याची कृती उघड आहे: लिटरला २ ग्रॅम मेटॉल, १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट, ५ ग्रॅम हायड्रोक्विनोन आणि २ ग्रॅम टाकणखार. चारही वस्तू अशा बाजारात मिळतात, सोनाराकडे असतो तसा बारीक काटा घेतला की घरी करता येतो. मी करते. पण पहिल्या रोलला नको. निगेटिव्ह फिकी आली तर दोष वजनाचा, वेळेचा की उष्णतेचा, हे नवशिक्याला कळणार नाही. पहिले काही रोल तयार पाकिटावरच धुवावेत.

मरीन लाइन्सला गाडी पकडून दादर.

अडीच

जेवणानंतर डेव्हलपर. इलफर्डचं आयडी-११ चं एक लिटरचं पाकीट, आत दोन पुड्या. लिटरपेक्षा थोडं कमी पाणी ४० अंशांपर्यंत तापवलं, पहिली पुडी पूर्ण विरघळली, मग दुसरी, मग पाणी घालून लिटर पूर्ण. क्रम उलटा करायचा नाही. ढवळायचं ते हळू, फेस येऊ न देता. फेस म्हणजे आत गेलेली हवा. चार बाटल्या काठोकाठ भरून, तारीख लिहून पिंपाच्या पाण्यात उभ्या केल्या.

हायपो तयार द्रवाचा घेतला, एकास चार पाणी. जॉन हर्शेलने १८३९ साली हायपोने चित्र पक्कं करण्याचा उपाय दिला, तेव्हापासून या कामाला हायपोशिवाय गत्यंतर नाही. आजच्या वेगवान फिक्सरमध्ये सोडियमऐवजी अमोनियमचा क्षार असतो, म्हणून दहा मिनिटांचं काम तीन-चार मिनिटांत होतं. फिल्मच्या सुरुवातीच्या टोकाचा तुकडा दिव्याच्या उजेडातच त्यात टाकला. दुधी तुकडा पारदर्शक व्हायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ फिल्म हायपोत ठेवायची. हायपो पुन्हा पुन्हा वापरता येतो. तुकड्याला लागणारा वेळ ताज्या हायपोच्या दुप्पट झाला की तो टाकायचा.

साडेतीन

सराव. वाया गेलेली फिल्म आधी उघड्या डोळ्यांनी रिळावर चढवायची, मग डोळे मिटून, मग बॅगेत. ३६ फ्रेमांची फिल्म दीड मीटरहून थोडी लांब असते; उजेडात ती चढवायला मिनिट लागतं, बॅगेत पहिल्यांदा तीच संपता संपत नाही. भाचीची फिल्म दुसऱ्या वेढ्यालाच अडली. टोकाचे कोपरे मी कात्रीने किंचित गोल करून दिले, मग गेली. बॅगेत काय काय ठेवायचं तेही ठरवून घेतलं: टँक, त्याचं झाकण, मधली नळी, रीळ, बोथट टोकाची कात्री, आणि बाटलीचं बूच उघडायचं ओपनर. रोलचं पत्र्याचं झाकण याच ओपनरने निघतं. यातली एक वस्तू बाहेर राहिली तर ती घ्यायला हात बाहेर काढता येत नाहीत.

ती सराव करत होती आणि माझ्या मनात आमचा रस्ता होता. आता दादासाहेब फाळक्यांचं नाव असलेल्या याच रस्त्यावर, तेव्हाच्या दादर मेन रोडवर, मथुरा भवनात फाळके राहत होते. १९१२ साली लंडनला जाऊन त्यांनी विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र आणलं, कारण तेव्हा कच्ची फिल्म भोकांविना येत असे. ती भोकं अंधारात पाडायचं आणि फिल्म धुवायचं काम सरस्वतीबाई फाळक्यांनी शिकून घेतलं. माणसांनी भरलेलं घर सांभाळून त्या ते करत होत्या. १९१३ च्या ३ मे रोजी गिरगावात कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला, त्याची फिल्म अशा घरातून निघालेली होती. घरी फिल्म धुणं हे परदेशातून आलेलं नवं खूळ आहे असं कोणी म्हणालं की मला सरस्वतीबाईंचं नाव घ्यावंसं वाटतं. त्यांचं नाव आपण पुरेसं घेत नाही.

चारच्या सुमाराला भाचीने बॅगेतून हात काढले आणि म्हणाली, "चढली." उघडून पाहिलं, खरंच चढली होती. मग तिचा खरा रोल बॅगेत गेला.

साडेपाच

रोल इलफर्ड एचपी-५ प्लस, ४०० चा. आयडी-११ त तेवढंच पाणी मिसळून २० अंशांना १३ मिनिटं हा कंपनीचा आकडा. २४ अंशांना साधारण ९ मिनिटं. १५० मिलिलिटर डेव्हलपर, १५० पाणी. मोठ्या टबात पिंपाचं पाणी घेतलं, त्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला बर्फ सोडला. बर्फ थेट टाकला तर पाणी किती वाढलं याचा अंदाज राहत नाही, आणि पिशवी हवी तेव्हा उचलता येते. टबात तिन्ही मोजपात्रं उभी. पाणी २३ वर आलं तेव्हा पिशवी काढली आणि पात्रांतलं रसायन २४ वर थांबेपर्यंत वाट पाहिली. मोजायचं ते टबातलं पाणी नाही, पात्रातलं रसायन.

मग मोबाइलचा गजर लावला. डेव्हलपर ओतला, पहिल्या दहा सेकंदांत चार वेळा टँक उलटासुलटा, तळाशी दोन टिचक्या. टिचकीने फिल्मला चिकटलेले हवेचे बुडबुडे सुटतात, नाहीतर निगेटिव्हवर त्यांचे गोल डाग राहतात. पुढे प्रत्येक मिनिटाच्या सुरुवातीला पुन्हा दहा सेकंदांत चार वेळा. मधल्या वेळात टँक टबात. भाची जोरजोरात हलवू लागली तेव्हा मी तिचा हात धरून वेग दाखवला. जास्त हलवलं की कॉन्ट्रास्ट वाढतो. कसंही हलवा, पण दर वेळी सारखंच हलवा. मग पुढच्या रोलला काय बदलायचं ते कळतं.

नवव्या मिनिटाला डेव्हलपर बाहेर, स्टॉप बाथ आत. स्टॉप बाथ म्हणजे सौम्य आम्ल, त्याने डेव्हलपिंग जागच्या जागी थांबतं. मग हायपो, पाच मिनिटं. यानंतर झाकण उघडायला हरकत नसते. भाचीने रिळाचं टोक उचलून पाहिलं. फ्रेमा होत्या. ती काही बोलली नाही, नुसती बघत राहिली, आणि मीही तिला घाई केली नाही.

सव्वासहा

धुण्यासाठी वाहतं पाणी लागत नाही. इलफर्डने सांगितलेली रीत आमच्या शहरासाठीच असावी अशी आहे: टँक पाण्याने भरा, पाच वेळा उलटासुलटा करा, ओता, पुन्हा भरा, दहा वेळा, पुन्हा भरा, वीस वेळा. लिटरभर पाण्यात फिल्म धुऊन निघते. पाणी मात्र त्याच टबातलं, २४ अंशांच्या आसपासचं. थंड रसायनातून फिल्म एकदम ३० अंशांच्या पाण्यात टाकली तर इमल्शनला धक्का बसतो.

शेवटचं खळबळणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते. त्यात वेटिंग एजंट, म्हणजे पाणी थेंब न धरता निथळू देणारा द्रव, सिरिंजने मोजून दीड मिलिलिटर. मुंबईचं तलावांचं पाणी मऊ आहे, तेही एरवी चालतं. बोअरच्या पाण्यावर असलेल्यांनी डिस्टिल्डच घ्यावं, नाहीतर वाळल्यावर क्षारांचे पांढरे ठिपके राहतात. न्हाणीत आधी गरम पाणी सोडून वाफ केली होती, तिच्यासोबत हवेतली धूळ खाली बसते. फिल्म दोरीला चिमट्याने टांगली, खालच्या टोकाला आणखी दोन चिमटे वजनाला. कपडे वाळत घालायचेच चिमटे. दार बंद, पंखा बंद, आत कोणी जायचं नाही.

रिळं, टँक, नळी गरम पाण्याने धुऊन उलटी घातली. वेटिंग एजंट रिळावर राहिला तर पुढच्या वेळी फिल्म अडखळते, म्हणून टूथब्रशने खाचा घासायच्या.

रात्री दहा

फिल्म वाळायला आज तीन तासांहून जास्त लागले. हवेत दमटपणा आहे. सहा सहा फ्रेमांच्या पट्ट्या कापून पारदर्शक स्लीव्हमध्ये घातल्या. डब्यात सिलिका जेलची पुडी टाकली, कारण या शहरात निगेटिव्हला बुरशी धरते. निगेटिव्ह मोबाइलच्या पांढऱ्या स्क्रीनवर धरून पाहिली: सावलीतले तपशील आहेत, उजेडाचा भाग काळाकुट्ट झालेला नाही. पहिल्या रोलला याहून जास्त मागू नये.

कोणी मला विचारलं की सुरुवातीला पैसे कुठे घालू, तर माझं उत्तर ठरलेलं आहे. चांगलं रीळ, मोठी बॅग, तपासलेला थर्मामीटर. एवढ्यात कसर करू नका. बाकी सामान बाजारातून, घरातून, मोबाइलमधून जमतं. आपल्या घरच्या पाण्याची उष्णता आठवडाभर रोज मोजून लिहून ठेवा आणि मगच खरेदीला निघा.

एक विनंती. वापरलेला हायपो मोरीत ओतू नका. फिल्ममधली चांदी त्यात उतरलेली असते आणि ती पाण्यातल्या जिवांना घातक ठरते. झाकणाच्या कॅनमध्ये साठवा, कॅनवर नाव लिहा, मुलांच्या हाताबाहेर ठेवा. एक्सरेच्या हायपोतून चांदी काढणारे लोक आपल्या शहरांत आहेत, कॅन भरला की त्यांच्याकडे द्या.